रहस्यकथेचा वाचक आणि गावचे वाचनालय

खेड्यातील कोणत्याही वाचनालयात सायंकाळी देवघेवीच्या टेबलाशी थोडा वेळ उभे राहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. पुस्तक परत करावयास आलेला वाचक ते टेबलावर ठेवता ठेवता एखादे वाक्य बोलून जातो. “रात्री दोनपर्यंत जागलो.” “शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.” “याचा पुढचा भाग आला आहे का?” मागे उभा असलेला दुसरा वाचक हे ऐकतो आणि ते पुस्तक कपाटात परत जाण्यापूर्वीच त्याच्या नावावर चढते. सूचिपत्र, नव्या पुस्तकांची फलकावरील यादी, वृत्तपत्रांतील परीक्षणे ही साधने आपापल्या परीने उपयुक्त आहेतच. तथापि ओळखीच्या माणसाने ओळखीच्या आवाजात केलेली शिफारस जितके काम करते, तितके यांपैकी एकही साधन करीत नाही.

ही शिफारस आजवर योगायोगावर सोडलेली आहे. दोन वाचक एकाच वेळी टेबलाशी आले तर ती घडते, न आले तर घडत नाही. तिला थोडी व्यवस्था लावून देता येईल काय, आणि तशी ती लावण्यासाठी कादंबरी व विशेषतः रहस्यकथा हा वाङ्मयप्रकार उपयोगी का पडतो, याचा विचार ग्रामीण भागातील शिक्षक, ग्रंथपाल व पंचायत सदस्य यांनी करण्यासारखा आहे.

महाराष्ट्रातील व्यवस्था

याचे एक कारण महाराष्ट्रातील ग्रंथालय-व्यवस्थेच्या घडणीतच आहे. मद्रास राज्याने १९४८ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. दक्षिणेतील राज्यांनी पुढे ग्रंथालय-कराच्या आधारावर आपली ग्रंथालये उभी केली. महाराष्ट्राने १९६७ च्या अधिनियमात वेगळा मार्ग पत्करला. येथे ग्रंथालय-कर नाही. वाचनालये चालवितात त्या नागरिकांनी स्थापन केलेल्या स्थानिक संस्था. शासन त्यांना मान्यता देते, त्यांचा वर्ग ठरविते आणि वार्षिक सहायक अनुदान देते. १९७० च्या नियमांनी या अनुदानाची पद्धत घालून दिली. रत्नागिरीचे १८२८ मधील नगर वाचनालय, नाशिकचे १८४० मधील सार्वजनिक वाचनालय, कोल्हापूरचे १८५० मधील करवीर नगर वाचन मंदिर अशा जुन्या संस्थांची परंपरा येथे होतीच. कायद्याने ती मोडली नाही, तिलाच आधार दिला.

या व्यवस्थेचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. कोणती पुस्तके घ्यावयाची याचा बराचसा निर्णय गावातल्या गावात होतो. ग्रंथालय संचालनालयातर्फे शासनमान्य ग्रंथांची यादी प्रसिद्ध होते आणि कलकत्त्यास १९७२ मध्ये स्थापन झालेल्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडूनही ग्रंथसाहाय्य मिळते. पण यादीतून निवड करणारे हात स्थानिक कार्यकारी मंडळाचेच असतात. मंडळाला वाचकांची आवड ठाऊक नसेल तर निवड आंधळी होते. विक्रेता जे गठ्ठे पुढे करील ते घेतले जातात, दाखल नोंदवहीत चढतात आणि वर्षानुवर्षे न उघडलेल्या पानांसह कपाटात उभे राहतात. अशा पुस्तकांनी संख्या भरते, वाचनालय भरत नाही.

डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील दुसऱ्या सूत्राचा आशय असा की, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे. तिसऱ्याचा असा की, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. ही दोन सूत्रे वरवर एकच वाटतात, पण तशी ती नाहीत. पहिले काम मागणाऱ्याला देण्याचे आहे. दुसरे, न मागितलेले पुस्तक योग्य माणसासमोर नेऊन ठेवण्याचे. हे दुसरे काम अंशकालीन, अल्प वेतनावरील एकटा ग्रंथपाल किती करणार? देवघेव, झाडलोट, वार्षिक अहवाल आणि अनुदानाचे कागद सांभाळता सांभाळता त्याची संध्याकाळ संपते. म्हणून हे काम वाचकांनीच परस्परांसाठी करावयाचे असते.

उपेक्षित पण लोकप्रिय

रहस्यकथेला मराठीत मानाचे पान कधी मिळाले नाही. वाङ्मयाच्या इतिहासात तिला दोन-चार ओळी मिळतात. शाळेच्या कपाटात ती क्वचित दिसते. पुष्कळ वाचनालयांत ती घेतली जाते, पण दर्शनी कपाटात ठेवली जात नाही. आणि तरीही पुठ्ठा निखळलेली, कडा काळ्या पडलेली, दोनदा बांधणी केलेली पुस्तके कोणती हे पाहिले, तर त्यांत तिचाच भरणा अधिक असतो.

गो. ना. दातार यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रेनॉल्ड्ससारख्या इंग्रजी लेखकांच्या कादंबऱ्यांवरून ‘कालिकामूर्ति’, ‘बंधुद्वेष’, ‘इंद्रभुवन गुहा’ अशा अद्भुतरम्य कादंबऱ्या रचल्या आणि मराठी वाचकाला पान उलटण्याची ओढ लावली. त्या ओढीवर पुढे बाबूराव अर्नाळकर यांनी आपले साम्राज्य उभारले. त्यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९०६ ते १९९६ असे नव्वद वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या लेखकाने एक हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंझार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांची पात्रे गिरणगावातील चाळींपासून तालुक्याच्या एस. टी. स्थानकापर्यंत सर्वांच्या परिचयाची होती. त्यांच्यानंतरच्या पिढीत गुरुनाथ नाईक यांनी कॅप्टन दीप, गोलंदाज अशा नायकांच्या मालिका चालविल्या. त्यांचीही पुस्तके हजाराच्या घरात गेली. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या जुन्या वाचकांना पुष्कळ वर्षांनी आपल्या शाळकरी वयाची आठवण झाली असेल.

ही पुस्तके वाचकांपर्यंत पोचविण्याचे श्रेय सार्वजनिक वाचनालयांपेक्षा खासगी वाचनालयांना अधिक द्यावे लागेल. किराणा दुकानाच्या एका बाजूस, सायकलच्या दुकानाच्या माळ्यावर किंवा घराच्या ओटीवर चालणाऱ्या या वाचनालयांत दिवसाच्या नाममात्र भाड्याने पुस्तक मिळे. उशीर झाला तर भाडे वाढे, म्हणून वाचक ते एका रात्रीत संपवी. चालकाला प्रत्येक गिऱ्हाईकाने काय वाचले आणि काय वाचले नाही हे तोंडपाठ असे. “हे तुम्ही नेलेले आहे, हे न्या,” असे म्हणून तो नेमके पुस्तक काढून देई. रंगनाथनांचे तिसरे सूत्र त्याने बहुधा ऐकलेले नव्हते. ते तो रोज आचरणात आणीत होता. दूरदर्शन घरोघर आले, त्यामागून चित्रफिती आल्या, आणि १९८०–९० च्या दरम्यान यांतील बहुतेक वाचनालये एकामागून एक बंद पडली. त्यांची पुस्तके रद्दीत गेली. त्यांच्याबरोबर गेले ते मात्र रद्दीच्या भावात मोजता येणारे नव्हते: गावातील वाचकांच्या आवडीनिवडीची, कोठेही लिहून न ठेवलेली माहिती.

या पुस्तकांवर मुलांना बिघडविण्याचा आरोप नेहमीच झाला. या आरोपाची बाजू थोडी तरी खरी आहे. घाईने लिहिलेल्या शेकडो पुस्तकांत भाषा शिळी होते, प्रसंग पुन्हा पुन्हा येतात, आणि काही लेखकांनी खपासाठी भडकपणाचा आश्रय घेतला हेही नाकारण्यात अर्थ नाही. पण वाचनाची सवय लागावयाची ती कशाने? नवसाक्षराला किंवा सातवीतल्या मुलाला पहिली दोनशे पाने सलग वाचून काढण्याचे बळ देणारे पुस्तक हे त्याच्या पुढच्या साऱ्या वाचनाचा पाया असते. सुहास शिरवळकर यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९४८ मध्ये जन्मलेल्या या लेखकाने आरंभी दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, बॅरिस्टर अमर विश्वास अशा नायकांच्या मालिका लिहिल्या. त्या वाचण्यासाठी आलेला तरुण वाचक लेखकाचा हात धरून १९८२ च्या ‘दुनियादारी’पर्यंत गेला, आणि तेथे खून नव्हता, गुप्तहेर नव्हता, होते ते महाविद्यालयीन वयातील मैत्रीचे व पराभवाचे चित्रण. २०१३ मध्ये त्या कादंबरीवर चित्रपट निघाला तेव्हा शिरवळकर हयात नव्हते. २००३ मध्येच त्यांचे निधन झाले होते. पण वाचनालयांतून या पुस्तकाला पुन्हा मागणी सुरू झाली, आणि ‘दुनियादारी’साठी आलेला काही नवा वाचक उलट दिशेने दारा बुलंदकडे गेला.

मालिकेचे गुण आणि तिच्या अडचणी

एकट्या कादंबरीपेक्षा मालिकेची शिफारस करणे सोपे असते, कारण एका शिफारशीत दहा पुस्तके चालून जातात. वाचकाची ओळख कथानकाशी होण्यापूर्वी नायकाशी होते. त्याची बोलण्याची लकब, त्याचा मदतनीस, त्याची खोली हे सारे परिचयाचे झाले म्हणजे नवे पुस्तक उघडताना परक्या घरात शिरल्यासारखे वाटत नाही. वाचनाची फारशी सवय नसलेल्या माणसाला पुस्तकाची पहिली वीस पानेच जड जातात. मालिकेत ती वीस पाने एकदाच ओलांडावी लागतात.

मालिकेतील नायक वाचकाच्या किती जवळ जातो याचे प्रसिद्ध उदाहरण शेरलॉक होम्सचे आहे. ऑर्थर कॉनन डॉयल यांनी १८८७ मध्ये त्याला प्रथम वाचकांपुढे आणले आणि १८९३ मध्ये कंटाळून एका धबधब्याच्या कड्यावरून त्याचा शेवट केला. इंग्लंडातील वाचक इतके नाराज झाले की, १९०३ मध्ये लेखकाला त्याला परत आणावे लागले. मराठीत भालबा केळकर यांनी होम्सच्या कथा आणल्या आणि त्या आजही वाचल्या जातात. अगाथा ख्रिस्ती यांच्या अनेक कादंबऱ्या मधुकर तोरडमल यांनी मराठीत आणल्या. ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’चे हे नाटककार-नट एवढे अनुवादकार्यही करीत होते, हे पुष्कळ नाट्यरसिकांना ठाऊक नसते.

मालिका द्यावयाची तर क्रम पाहावा लागतो. ख्रिस्ती यांचा हर्क्यूल पॉयरो १९२० मध्ये अवतरला. त्याची अखेरची कथा त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून बाजूला ठेवली होती. ती १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. नव्या वाचकाच्या हाती हे शेवटचे पुस्तक प्रथम पडले, तर पुढच्या तीस पुस्तकांतील गंमत कमी होते. याउलट, याच लेखिकेची १९२६ ची रॉजर अॅक्रॉइडच्या खुनाची कादंबरी कोणीही, केव्हाही वाचावी. अट एवढीच की, तिच्याविषयी आधी काही ऐकलेले नसावे. या पुस्तकाची शिफारस करताना ‘वाचा’ या शब्दापलीकडे बोलणे हाच अपराध ठरतो.

रहस्यकथा म्हणजे वाचक व लेखक यांच्यातील एक करार असतो. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथा लिहीत असे, या कराराची दहा कलमे मांडली. गुन्हेगार कथेच्या आरंभीच वाचकाच्या नजरेस आलेला असावा. भुताखेतांनी उकल करू नये. गुप्त वाट एकाहून अधिक नसावी. गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकापासून लपवू नये. पुढल्या वर्षी लंडनमध्ये रहस्यकथा लेखकांचे एक मंडळ स्थापन झाले आणि त्याचे सभासद होताना असे नियम पाळण्याची शपथ घेण्याची प्रथा पडली. थट्टेच्या अंगाने जाणाऱ्या या प्रकारात एक गंभीर तत्त्व आहे: वाचकाला फसवावे, पण त्याच्याशी लबाडी करू नये. शिक्षकांना या गुणाचा वर्गात उपयोग करता येतो. रहस्यकथा तीन-चतुर्थांश वाचून थांबावे आणि मुलांनी आपापला संशयित कारणांसह लिहून द्यावा. पुराव्यावरून निष्कर्षाकडे जाण्याचा असा सराव दुसऱ्या कोणत्या वाङ्मयातून इतक्या आनंदाने होईल, हे सांगणे कठीण आहे. नारायण धारप यांच्या भयकथा आणि रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथा यांची जात मात्र वेगळी. तेथे उकलीचा करार नसतो, म्हणून त्या रहस्यकथेच्या कपाटात असल्या तरी वाचकाला देताना तसे सांगून द्याव्यात.

लहान मुलांसाठी भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे आहेच. २०१७ मध्ये त्याच्यावर चित्रपट निघाल्याने तो नव्या मुलांनाही ठाऊक झाला आहे. फेणे संपविलेल्या मुलाला पुढे काय द्यावे हा प्रश्न ग्रंथपालांना नेहमी पडतो. त्याचे चांगले उत्तर आता मराठीत उपलब्ध आहे. सत्यजित राय यांनी १९६५ मध्ये ‘संदेश’ या बंगाली मुलांच्या मासिकात फेलूदाची पहिली कथा लिहिली. त्यांचा मराठी अनुवाद अशोक जैन यांनी केला आहे. फेलूदाचा चुलतभाऊ तोपशे कथा सांगतो, आणि त्यांच्यासोबत लालमोहन गांगुली नावाचे गृहस्थ हिंडतात, जे ‘जटायू’ या नावाने अचाट रहस्यकथा लिहितात आणि त्यांतील चुका फेलूदा दाखवून देतो. घाऊक रहस्यकथांची इतकी प्रेमळ टिंगल क्वचितच कोणी केली असेल. मराठी मुलांना जवळचे वाटावे असे आणखी एक कारण आहे. या मालिकेतील एक कथा वेरूळच्या कैलास लेण्यात घडते. तिचा विषय आहे प्राचीन मूर्तींची तस्करी. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील एखाद्या शाळेने लेण्यांची सहल काढण्यापूर्वी ही कथा वर्गात वाचली, तर मुले लेणी वेगळ्या डोळ्यांनी पाहतील.

मोठ्यांसाठी शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश बक्षी आहे. १९३२ मध्ये तो प्रथम आला. १९९३ मध्ये बासू चटर्जी यांनी दूरदर्शनवर आणलेली हिंदी मालिका अनेकांच्या स्मरणात असेल. या लेखकाचा महाराष्ट्राशी संबंध कमी लोकांना माहीत आहे. शरदिंदु १९३८ मध्ये चित्रपटकथा लिहिण्यासाठी मुंबईस आले. १९५२ मध्ये चित्रपटव्यवसाय सोडून पुण्यास स्थायिक झाले. मध्ये सुमारे पंधरा वर्षे बाजूला पडलेला ब्योमकेश त्यांनी १९५१ च्या सुमारास पुन्हा हाती घेतला, आणि त्याच्या उत्तरकाळातील अनेक कथा पुण्याच्या वास्तव्यातील आहेत. इतकेच नव्हे, तर शिवकालातील सदाशिव नावाच्या मराठा मुलाच्या साहसकथाही त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. कलकत्त्याच्या गल्ल्यांतील सत्यान्वेषी पुण्याच्या हवेत वाढला, हे मराठी वाचकाला सांगितले तर तो त्या पुस्तकाकडे एकदा तरी वळेल. शिफारशीत अशी एखादी माहिती पुरेशी असते.

अलीकडील कादंबऱ्यांतही शोधाचे सूत्र असलेल्या कितीतरी आहेत, आणि त्या सगळ्या रहस्यकथा नाहीत. हृषीकेश गुप्ते यांची २०१६ मधील ‘दंशकाल’ भयाच्या वाटेने एका कुटुंबाच्या अंतरंगात शिरते. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे उठलेल्या गावचा माणूस मागे राहिलेल्या म्हशीला आणण्यासाठी जुन्या जागी परत जातो, एवढेच तिचे कथानक थोडक्यात सांगता येईल. पुरस्कारप्राप्त म्हणून ती घेतली जाते आणि ‘जड’ म्हणून बाजूला ठेवली जाते. पण पुनर्वसित वसाहतीत राहणाऱ्या वाचकाला कोणी एवढेच सांगितले की, ही आपल्यासारख्या एका माणसाची आणि त्याच्या म्हशीची गोष्ट आहे, तर तिचे जडपण उरत नाही. परीक्षकाने सांगितलेले आणि शेजाऱ्याने सांगितलेले यांत हा फरक पडतो.

शिफारशीची वही

याची व्यवस्था लावण्यास खर्च जवळजवळ लागत नाही. देवघेवीच्या टेबलावर एक जाड वही ठेवावी. पुस्तक परत करणाऱ्याने, इच्छा असल्यास, तीत चार ओळी लिहाव्यात: पुस्तकाचे नाव व दाखल क्रमांक, ते कोणाला आवडेल, कोठे कंटाळा आला, आणि मालिकेतील असेल तर कितवा भाग. ‘उत्तम’, ‘छान’ असे शेरे उपयोगाचे नाहीत. ‘पहिली चाळीस पाने सोसा, पुढे पुस्तक हातातून सुटत नाही’ हा शेरा उपयोगाचा आहे. ‘यात हिंसेची वर्णने आहेत, शाळकरी मुलांना देऊ नये’ हाही. ज्यांना लिहिण्याचा संकोच वाटतो त्यांनी तोंडी सांगावे आणि दुसऱ्याने लिहून घ्यावे. गावातील स्त्रिया पुष्कळदा स्वतः वाचनालयात येत नाहीत, मुलांकरवी पुस्तके मागवितात. त्यांचे मत या वहीत यावयाचे तर मुलाच्या हाती पुस्तकाबरोबर एक कोरी चिठ्ठी पाठवावी लागेल. एवढा त्रास घेतला नाही, तर वही गावातील पाच-सहा बोलक्या पुरुषांचीच होऊन बसेल.

नियम एकच कडक असावा. गुन्हेगाराचे नाव वहीत लिहू नये आणि पुस्तकाच्या समासात तर मुळीच नाही. तिसऱ्या पानावर ‘खून पुतण्याने केला’ असे पेन्सिलीने लिहिलेली पुस्तके वाचनालयांत आढळतात. या गुन्ह्याची उकल करणे कोणत्याही गुप्तहेराला साधलेले नाही.

या वहीचा दुसरा उपयोग कार्यकारी मंडळाला होतो. वर्षाच्या खरेदीपूर्वी ती चाळली तर कोणत्या मालिकेचे कोणते भाग नाहीत, कोणत्या लेखकाची मागणी आहे, आणि मागील वर्षी घेतलेल्यांपैकी कोणत्या पुस्तकांविषयी कोणी एक ओळही लिहिलेली नाही, हे समोर येते. या शेवटच्या माहितीने मंडळाला थोडी लाज वाटली तर ती इष्टच आहे.

ग्रामपंचायतींना या कामात अधिकार नाही अशी समजूत काही ठिकाणी आढळते. ती बरोबर नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात पंचायतीच्या कामांच्या यादीत ग्रंथालये व वाचनालये आहेत. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९२ मध्ये जोडलेल्या अकराव्या अनुसूचीतही ग्रंथालये हा विषय स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. जागा, वीज, बसावयास चार बाके आणि रात्री आठपर्यंत दार उघडे ठेवण्याची सोय, एवढे पंचायतीने पाहिले तरी पुष्कळ झाले. शेतावरून परतणारा माणूस साडेपाचला वाचनालयात येऊ शकत नाही, ही साधी गोष्ट वेळा ठरविताना विसरली जाते.

लहान वाचनालयाची खरी अडचण मालिकेच्या बाबतीत जाणवते. एका गावात पहिला व चौथा भाग, शेजारच्या गावात दुसरा, तिसरा कोठेच नाही. यावर पेट्यांची अदलाबदल हा मार्ग आहे. नाशिक येथील कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली. शंभर पुस्तकांची एक पेटी एखाद्या वसाहतीतील किंवा कार्यालयातील वाचकांच्या गटाकडे द्यावयाची, त्या गटाने ती आपापसांत फिरवावयाची आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलावयाची, असे तिचे स्वरूप आहे. पुस्तके देणगीतून येतात. ही योजना नाशिकबाहेर, महाराष्ट्राबाहेर आणि दुबईसारख्या ठिकाणच्या मराठी कुटुंबांपर्यंत गेली. तिच्यातील मुख्य गोष्ट पेटी नव्हे. पेटीभोवती जमणारा गट होय. तीस-पस्तीस कुटुंबे एकच शंभर पुस्तके वाचू लागली म्हणजे त्यांना एकमेकांशी बोलण्यास विषय मिळतो. सातारा जिल्ह्यातील भिलार या गावी ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झाले, त्यातही घरोघरी वेगवेगळ्या वाङ्मयप्रकारांची पुस्तके ठेवली गेली. तेथे पाहुणा पुस्तक घेऊन घरच्या माणसाशेजारी बसतो, आणि घरच्या माणसाला त्या प्रकारातील दोन पुस्तके तरी सुचविता यावीत अशी अपेक्षा सहजच निर्माण होते.

चार-पाच शेजारच्या वाचनालयांनी मिळून अशी एक पेटी केली तर मालिकेचे तुटलेले भाग एकत्र येतील. दाखल नोंदवहीत पुस्तक मूळ वाचनालयाच्याच नावावर राहील. पेटीबरोबर क्रमांकांची यादी जाईल व दोन्ही ग्रंथपालांच्या सह्या होतील. लेखापरीक्षणात प्रश्न येऊ नये म्हणून मंडळाच्या सभेत तसा ठराव आधी करून घ्यावा. शिफारशीच्या वहीतील संबंधित पानांची प्रत पेटीतच ठेवावी, म्हणजे पुस्तकाबरोबर आधीच्या गावाचे मतही पुढच्या गावाला पोचेल. दोन गावांचे एकाच पुस्तकाविषयी भांडण झाले तर फार उत्तम. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन भाषणांत घालविण्यापेक्षा या भांडणासाठी राखून ठेवावा. प्रत्येकाने एक पुस्तक आणावे, पाच मिनिटे बोलावे, आणि बोलून झाल्यावर ते पुस्तक मागणाऱ्याच्या हाती तेथेच द्यावे. नोंदवही त्यासाठी सभेच्या जागी न्यावी लागेल.

पेटी परत येईल त्या दिवशी ग्रंथपालाने प्रत्येक पुस्तक मोजून घेताना शेवटची पाने उघडून पाहावीत. कादंबरीचे मधले पान गेले तर वाचक कसाबसा निभावून नेतो. रहस्यकथेचे शेवटचे पान गेले, तर पुढचे तीस वाचक टेबलाशी येऊन एकच प्रश्न विचारतात, आणि ज्याला उत्तर ठाऊक असते तो नेमका त्या दिवशी तालुक्याला गेलेला असतो.